लाईव्ह अडकतंय? नवीन कॅमेरा घेण्याआधी हे तपासा



मागच्या उन्हाळ्यात, लग्नसराई ऐन भरात असताना, जिंतूर तालुक्यातल्या एका तरुण फोटोग्राफरचा मला फोन आला. आवाज एकदम पडलेला.

"सर, काल लग्नाचं लाईव्ह होतं. मंगलाष्टका सुरू झाल्या आणि कॅमेरा लॅग मारायला लागला. अंतरपाट निघाला, हार घातले, आणि बघणाऱ्यांना काहीच दिसलं नाही. नवरीचा भाऊ दुबईला कामाला आहे. त्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्याच्यासाठीच लाईव्ह ठेवलं होतं. पार्टीनं माझे सहा हजार धरून ठेवलेत. आता कॅमेरा बदलावाच लागतो. फायनान्सवर साठ-सत्तर हजारांचा बघतोय. कोणता घेऊ?"

मी विचारलं, "लॅपटॉपवर ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतंस का?"

"हो सर. ते एकदम क्लिअर आहे. कुठं अटकलं नाही."

"मग बाबा, कॅमेऱ्याचा काय गुन्हा?"

तो गप्प झाला. आजचा सगळा लेख या एका प्रश्नावर आहे. लाईव्ह अडकलं की आपण आधी कॅमेऱ्याला शिव्या देतो, कारण आपल्याला तोच दिसतो. पण बिघाड कुठं आहे हे शोधायला एक रुपया लागत नाही, आणि न शोधता केलेली खरेदी मात्र वर्षभराच्या हप्त्यात पडते.

हा धंदा आता टिकणार आहे

२०२० च्या मे महिन्यात लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर महाराष्ट्रात ती २५ माणसं आणि दोन तासांवर आली. तेव्हा लोकांना लाईव्हची सवय लागली. कोरोना गेला, पण सवय राहिली. आज आपल्या परभणी जिल्ह्यात लग्न, साखरपुडा, सप्ताहाचं कीर्तन, शाळेचं गॅदरिंग, साडीच्या दुकानाचा सेल, क्लासचा तास, सगळं लाईव्ह लागतं. फोटोग्राफीच्या जोडीला हे काम घेतलं तर हंगामात चांगली भर पडते. पण काल्याचं कीर्तन अर्ध्यावर अडकलं तर पुढच्या वर्षी गाव दुसऱ्याला बोलावतं. म्हणून हे नीट शिकून घ्या.

लॅग म्हणजे नक्की काय?

गिऱ्हाईक सगळ्यालाच "लॅग मारतंय" म्हणतं. पण त्या एका शब्दात तीन वेगळ्या तक्रारी असतात.

पहिली, उशीर. चित्र छान पळतंय, फक्त मंडपात घडल्यानंतर दहा-वीस सेकंदांनी मोबाईलवर दिसतं. हा बिघाड नाही. यूट्यूबवर एवढा उशीर होतोच.

दुसरी, अटकणं. चित्र झटके खातं, थांबतं, गोल चक्र फिरतं. खरा त्रास हा.

तिसरी, ओठ आणि आवाज न जुळणं. महाराजांचा हात टाळीवर आधी पडतो आणि आवाज नंतर येतो, किंवा उलटं.

तिन्हींचा इलाज वेगळा आहे. म्हणून फोनवर तक्रार आली की पहिला प्रश्न विचारा: "उशिरा दिसतंय, अटकतंय, की आवाज जुळत नाही?"

पाच मिनिटांची परीक्षा

चित्र कॅमेऱ्यातून बघणाऱ्यापर्यंत पाच टप्प्यांनी जातं: कॅमेरा, केबल आणि कॅप्चर कार्ड, लॅपटॉप, इंटरनेट, आणि शेवटी बघणाऱ्याचा मोबाईल. शेताला पाणी देताना शेवटच्या सरीला पाणी येईना, तर आपण लगेच मोटार बदलत नाही. पाईपलाईनच्या कडेनं चालत जातो आणि पाणी कुठंपर्यंत येतंय ते बघतो. इथंही तसंच करायचं.

ओबीएसमध्ये लाईव्ह चालू असतानाच रेकॉर्डिंगही चालू करा. पाच मिनिटं कुणाला तरी कॅमेऱ्यासमोर हात हलवत चालायला लावा. मग दोन्ही बघा.

रेकॉर्डिंग स्वच्छ आणि लाईव्ह अटकतंय, तर कॅमेरा, केबल, लॅपटॉप तिन्ही निर्दोष. दोष इंटरनेटचा.

रेकॉर्डिंगही अटकतंय, तर इंटरनेटला हात लावू नका. दोष कॅमेरा ते लॅपटॉप यांच्यामध्येच आहे.

दोन्ही स्वच्छ आणि एकाच पाहुण्याची तक्रार आहे, तर त्याच्याच मोबाईलची रेंज कमी आहे. त्याला व्हिडिओची क्वालिटी ३६० वर आणायला सांगा.

ओबीएसमध्येच दुसरा पुरावाही मिळतो. त्यात "स्टॅट्स" नावाची खिडकी उघडा. तिथं तीन आकडे दिसतात. "ड्रॉप्ड फ्रेम्स" वाढत असतील तर नेट कमी पडतंय. "एन्कोडिंग लॅग" वाढत असेल तर व्हिडिओ बारीक करून पाठवायचं काम लॅपटॉपला झेपत नाही. "रेंडरिंग लॅग" वाढत असेल तर ग्राफिक्सवर ताण आहे. तिन्ही शून्याजवळ आणि तरी चित्र झटके खातंय? मग कॅमेरा, केबल किंवा कॅप्चर कार्डाकडे वळा.

आता एकेक टप्पा घेऊ.

कॅमेरा: बहुतेक वेळा दोष सेटिंगचा

वेबकॅम किंवा मोबाईल कॅमेरा म्हणून लावला असेल आणि खोलीत उजेड कमी असेल, तर तो चित्र उजळ करण्यासाठी स्वतःच वेग कमी करतो. सेकंदाला ३० चित्रांऐवजी १५ घेतो. बघणाऱ्याला वाटतं लॅग आहे. इलाज म्हणजे समोरून एक चांगली एलईडी लाईट. मग कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्सपोजर ऑटोवरून मॅन्युअलवर घ्या.

दुसरी गोष्ट शटरची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साध्या दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. १/६० ठेवलं तर पडद्यावर काळे पट्टे सरकतात. वेबकॅममध्ये अँटी-फ्लिकरला ५० निवडा.

तिसरी गोष्ट तर निम्मे लोक विसरतात. कॅमेरा २५ फ्रेमवर आणि ओबीएस ३० वर. मग सेकंदातली पाच चित्रं ओबीएस दोनदा दाखवतो आणि चालणारा माणूस अडखळल्यासारखा दिसतो. कॅमेरा २५ किंवा ५० वर असेल तर ओबीएस २५ वर आणा. कॅमेरा ३० वर असेल तर ओबीएसही ३० वर. बस्स.

केबल आणि कॅप्चर कार्ड: इथं एक गणित आहे

फुल एचडी चित्र, सेकंदाला ३० फ्रेम, न दाबता पाठवायचं तर साधारण १००० एमबीपीएसची वाट लागते. जुन्या यूएसबी २.० पोर्टची कागदावरची क्षमता आहे ४८० एमबीपीएस. म्हणजे दोन पदरी रस्त्यावर चार पदरी वाहतूक. मग चित्र पाच-दहा फ्रेमवर येतं. यावर दोन उपाय आहेत. कॅमेरा आणि कार्ड दोन्ही यूएसबी ३ चे असतील तर निळ्या रंगाच्या यूएसबी ३ पोर्टला लावा. नाहीतर ओबीएसमध्ये व्हिडिओ फॉरमॅट "वायूवाय२" वरून "एमजेपीईजी" करा. हा फॉरमॅट चित्र दाबून पाठवतो, त्यामुळे यूएसबी २ लाही झेपतं.

बाजारात स्वस्त कॅप्चर कार्डावर मोठ्या अक्षरात "४के" लिहिलेलं असतं. ते बहुतेक वेळा आत येणाऱ्या चित्राबद्दल असतं. लॅपटॉपला ते फुल एचडीच देतं. विकत घेताना "आऊटपुट किती आणि यूएसबी कितीचं" हे विचारा.

एका यूएसबी हबवर दोन कॅमेरे, साऊंड कार्ड आणि पेन ड्राईव्ह लावू नका. सगळे एकाच वाटेनं जातात. वेगवेगळ्या पोर्टला लावा. आणि केबलची लांबी बघा. साधी यूएसबी ३ ची केबल तीन मीटरच्या पुढं बेभरवशाची होते. साधी एचडीएमआय दहा-पंधरा मीटरच्या पुढं गेली की चित्र काळं होऊन परत येतं. स्टेजपासून लॅपटॉप लांब असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय किंवा एसडीआय केबल भाड्यानं घ्या. आणि केबलवरून पंगतीची माणसं चालत असतील तर आधी ती चटईखाली घ्या, मग बाकीचं बोलू.

लॅपटॉप: चार्जर आणि ऊन

चार्जर लावलाच पाहिजे. बॅटरीवर लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो. क्रोमचे वीस टॅब, व्हॉट्सॲप, अँटीव्हायरसचं स्कॅन, विंडोजचं अपडेट, सगळं बंद. ओबीएसच्या आऊटपुटमध्ये "एक्स२६४" ऐवजी हार्डवेअर एन्कोडर निवडा. एनव्हिडिया ग्राफिक्स असेल तर "एनव्हीएन्क", इंटेल असेल तर "क्विकसिंक". प्रोसेसरवरचा भार लगेच उतरतो. तरीही अडखळत असेल तर १०८० वरून ७२० वर या. मोबाईलवर बघणाऱ्याला फरक फारसा कळत नाही, अटकणं मात्र लगेच कळतं.

आता आपल्या परभणीचं ऊन. एप्रिल-मे मध्ये इथं पारा ४० च्या पुढं असतो, आणि लग्नंही तेव्हाच. ॲपल कंपनी आयफोन वापरायला शून्य ते ३५ अंश तापमान सांगते. म्हणजे आपल्या मंडपात दुपारी बाराला तो आधीच हद्दीच्या बाहेर आहे. फोन तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, स्क्रीन मंद करतो, शेवटी बंद पडतो. लॅपटॉपचंही तेच. म्हणून फोनचं कव्हर काढा, थेट ऊन लागू देऊ नका, आणि लॅपटॉप सतरंजीवर किंवा गादीवर ठेवू नका, त्याच्या हवेच्या जाळ्या बंद होतात. टेबलावर ठेवा, खाली दोन विटा घाला, बाजूला टेबल फॅन लावा. कूलरची ओली हवा मात्र थेट मशीनवर नको.

इंटरनेट: खरा चोर बहुतेकदा इथं सापडतो

आता जिंतूरच्या त्या मित्राकडे परत येऊ. रेकॉर्डिंग स्वच्छ होतं, म्हणजे दोष नेटचा. पण मंगलाष्टका सुरू होईपर्यंत लाईव्ह छान चाललं होतं. मग नेमकं तेव्हाच काय झालं?

मी विचारलं, "लाईव्ह किती वाजता चालू केलं?" म्हणाला, अकरा वीसला. मुहूर्त बारा छत्तीसचा. नेट कशावर? स्वतःच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. रिचार्ज कोणता? रोज दीड जीबीचा. बिटरेट २५००.

मग आम्ही फोनवरच हिशोब मांडला. २५०० केबीपीएस व्हिडिओ आणि १२८ केबीपीएस आवाज, म्हणजे सेकंदाला साधारण ३३० किलोबाईट. तासाला जवळपास १.२ जीबी. दीड जीबी किती वेळ पुरणार? साधारण सव्वा तास. अकरा वीसमध्ये सव्वा तास मिळवा. बारा पस्तीस!

अंतरपाट निघायच्या वेळेला दिवसाचा डेटा संपला, स्पीड अगदी तळाला गेला, आणि लाईव्ह अटकलं. सत्तर हजारांचा कॅमेरा घेतला असता तरी पुढच्या लग्नात बारा पस्तीसला तेच झालं असतं. एका डेटा ॲड-ऑनच्या रिचार्जनं जे काम झालं असतं, त्यासाठी तो पोरगा कर्ज काढायला निघाला होता.

म्हणून नेटचे हे नियम वहीत लिहून ठेवा.

एक, हिशोब. १००० केबीपीएसला तासाला अर्धा जीबी धरा, थोडं जास्तच धरलेलं बरं. ३००० केबीपीएसवर चार तास म्हणजे सहा जीबी हाताशी हवेत.

दोन, स्पीड टेस्टमध्ये डाऊनलोडचा मोठा आकडा बघून खूश होऊ नका. आपल्याला अपलोड लागतं. तीन वेळा टेस्ट करा, सगळ्यात कमी आलेला अपलोड घ्या आणि त्याच्या निम्माच बिटरेट ठेवा. अपलोड ६ एमबीपीएस आलं तर बिटरेट ३०००.

तीन, रिकाम्या मंगल कार्यालयातली टेस्ट फसवी असते. उद्या तिथं हजार माणसं आणि हजार मोबाईल एकाच टॉवरवर असणार. आदल्या संध्याकाळी जागा बघा, पण शक्यतो तिथं दुसरं लग्न चालू असतानाच टेस्ट करा.

चार, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा. एका कंपनीचा टॉवर भरला तर दुसरी कामाला येते.

पाच, पत्र्याच्या शेडमध्ये रेंज मरते. राऊटर बाहेर, खिडकीत किंवा स्लॅबवर सावलीत ठेवा आणि तिथून लॅपटॉपपर्यंत लॅन केबल ओढा. लॅन केबल १०० मीटरपर्यंत बिनधास्त चालते. गर्दीत वायफायचा भरवसा धरू नका. वायफायच वापरायचं असेल तर २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झ, आणि राऊटर जवळ.

सहा, कार्यालयात फायबर असेल तर मालकाकडून आधीच पासवर्ड घ्या, आणि तो पाहुण्यांना देऊ नका म्हणून हात जोडून सांगा. सप्ताहासाठी गावात गेलात तर ग्रामपंचायतीत भारतनेटची जोडणी चालू आहे का ते विचारा. जनरेटरवर काम असेल तर राऊटरला छोटा यूपीएस लावाच. लाईट जाऊन जनरेटर चालू होईपर्यंतची दोन मिनिटं महागात पडतात.

यूट्यूब आणि ओबीएसच्या सेटिंगा

रेट कंट्रोल "सीबीआर", कीफ्रेम इंटरव्हल २ सेकंद. ओबीएसच्या ॲडव्हान्समध्ये नेट कमी झालं की बिटरेट आपोआप कमी करायचा पर्याय आहे, तो चालू ठेवा. चित्र थोडं धुरकट होईल, पण थांबणार नाही. यूट्यूबच्या लाईव्ह कंट्रोल रूममध्ये "ऑटो-स्टॉप" बंद करा. नाहीतर नेट थोडा वेळ गेलं की कार्यक्रमच संपतो आणि पत्रिकेवर छापलेली लिंक वाया जाते.

लेटन्सी "नॉर्मल" ठेवा. बऱ्याच जणांना "अल्ट्रा लो" भारी वाटतं. पण उशीर जेवढा कमी, तेवढा बघणाऱ्याच्या मोबाईलमध्ये साठा कमी, आणि नेटला जरा धक्का लागला की चित्र अटकतं. नवरीच्या भावाला वीस सेकंद उशिरा दिसलं तर चालतं. सेल लावून कॉमेंटमधून ऑर्डर घेताय किंवा क्लासमध्ये प्रश्नोत्तरं आहेत, तेव्हाच "लो" घ्या. आणि नवीन चॅनेल असेल तर लाईव्हची परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. लग्नाच्या सकाळी चॅनेल उघडून बसू नका.

आवाज पुढं, चित्र मागं

साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून घेतलेला आवाज लॅपटॉपला लगेच पोचतो. चित्र मात्र कॅमेरा आणि कॅप्चर कार्डातून फिरून येतं, त्यामुळे मागं राहतं. कॅमेऱ्यासमोर एक जोरदार टाळी वाजवा आणि रेकॉर्डिंग फ्रेम-फ्रेमनं बघा. २५ फ्रेमवर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. आवाज चार फ्रेम आधी येत असेल तर ओबीएसच्या ॲडव्हान्स्ड ऑडिओमध्ये सिंक ऑफसेटला १६० टाका. सुरुवातीला जुळतं आणि तासाभरानं सुटतं, असं होत असेल तर सगळीकडे सॅम्पल रेट एकच करा, ४८ किलोहर्ट्झ.

मंडपातल्या एलईडी वॉलला चित्र द्यायचं असेल तर लॅपटॉपमधून फिरवू नका, स्विचरमधून सरळ द्या. नवरा-नवरी समोर असताना मागच्या भिंतीवर अर्धा सेकंद उशीरही डोळ्यांत खुपतो.

पैशाची बाजू

बयाणा घेतानाच एका कागदावर चार ओळी लिहून दोघांनी सही करा. नेट कोण देणार. टॉवर किंवा लाईटमुळं लाईव्ह तुटलं तर काय. पूर्ण रेकॉर्डिंग त्याच दिवशी त्याच लिंकच्या ग्रुपवर देणार. आणि लाईव्हचे पैसे शूटिंगच्या पैशांपासून वेगळे. या एका ओळीनं तुमचे शूटिंगचे पैसे अडकत नाहीत. डेटा, दुसरं सिम, लॅन केबल आणि आदल्या दिवशीची फेरी, हा सगळा खर्च दरात धरा. "टेस्टिंगचे पैसे कसले?" असं कुणी म्हटलं तर त्याला दुबईच्या भावाची गोष्ट सांगा.

आपल्याकडं म्हणतात, "बनी तो बनी, नहीं तो परभणी". गप्पांत हे छान आहे. पण अंतरपाट एकदाच निघतो. तिथं "बनी तो बनी" चालत नाही.

जिंतूरच्या त्या मित्रानं कॅमेरा घेतला नाही. दुसरं सिम, तीस मीटर लॅन केबल आणि राऊटरसाठी छोटा यूपीएस घेतला. दुसऱ्याच दिवशी त्यानं वधुपित्याला पूर्ण रेकॉर्डिंगची लिंक पाठवली आणि चूक स्वतःची होती हे सरळ सांगितलं. लाईव्हचे पैसे त्यानं सोडले. त्यांनी शूटिंगचे दिले. आणि दिवाळीनंतर त्याच घरातल्या धाकट्या मुलाच्या लग्नाचं काम त्यालाच मिळालं.

तेव्हा उद्या लाईव्ह अटकलं तर दुकानाची पायरी चढू नका. आधी रेकॉर्डिंग उघडा, मग स्टॅट्स बघा, मग डेटाचा हिशोब मांडा. एवढं करूनही चोर सापडला नाही तर मला विचारा. विचारताना मात्र तीन गोष्टी नक्की लिहा: रेकॉर्डिंग कसं आलं, स्टॅट्समधले तीन आकडे किती, आणि नेट कशावरचं होतं. उत्तर त्यातच असतं.